म्युनिकचे बोलणे आणि अमेरिकेचा वकील

रोज सकाळी चहाच्या आधी मी बोटाला सुई टोचतो, रक्ताचा थेंब पट्टीवर धरतो आणि आकडा पाहतो. आकडा बरा असेल तर चहात अर्धा चमचा साखर, नसेल तर नाही. मधुमेह झाल्यापासूनचा हा नेम. ती पट्टी म्हणजे एक चिमुकले विद्युत-रासायनिक यंत्र आहे आणि तिच्यावरून अमेरिकेत जो खटला झाला, त्याचे मूळ युरोपातल्या एका कागदात होते, हे मला बऱ्याच उशिरा कळले. कळले तेही भाचीमुळे.

ही भाची पुण्यात नोकरी करते. अमेरिकेतल्या पेटंट-वकिलांसाठी मसुदे तयार करणे, जुनी कागदपत्रे चाळणे, तक्ते बनवणे असे तिचे काम. गेल्या मे महिन्यात ती आमच्याकडे चिपळूणला आली होती. रात्री जेवणानंतर सहज म्हणाली, "मामा, एकाच शोधाचे अमेरिकेतले कागद आणि युरोपातले कागद मी वाचतेय. एकाच वाक्याचा अर्थ दोन्हीकडे वेगवेगळा सांगितलाय. मी साहेबांना दाखवलं, तर ते म्हणाले, युरोपचं युरोपात, आपलं काम अमेरिकेचं. खरंच असं असतं का?"

माझ्याकडे कायद्याची पदवी नाही. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन कंपनीच्या खरेदी विभागात मी बावीस वर्षे काढली. तिथे एकदा परदेशी पेटंटची नोटीस आली आणि ती कुणालाच वाचता येईना, तेव्हा मी वाचायला बसलो. त्या दिवसापासून हा नाद लागला. परदेशी न्यायालयांचे निकाल घरबसल्या फुकट वाचायला मिळतात, तेच माझे कॉलेज. भाचीला त्या रात्री जे तुटक सांगितले, ते नीट जुळवून इथे मांडतो आहे.

आधी 'युरोपीय पेटंट' म्हणजे काय ते पाहू, कारण या नावातच पहिला चकवा आहे. 1973 मध्ये म्युनिकला एक करार झाला आणि त्यातून युरोपीय पेटंट कार्यालय उभे राहिले. आज 39 देश त्याचे सदस्य आहेत. अर्ज एक, तपासणी एक, मंजुरी एक. मंजुरी मिळाली की मात्र त्या एका पेटंटच्या चिंध्या होतात. जर्मनीत ते जर्मन पेटंट होते, फ्रान्समध्ये फ्रेंच, इटलीत इटालियन. मंजुरीनंतर नऊ महिन्यांपर्यंत कुणीही म्युनिकला जाऊन हरकत घेऊ शकतो. ती मुदत टळली की अनेक दशके असा प्रकार होता की ज्याला भांडायचे त्याने देशोदेशी भांडावे. एकत्र कुटुंबात वाढलेली भावंडे वाटणीनंतर आपापल्या चुली मांडतात, तसे.

अमेरिकेतला वकील वाढतो तो अगदी वेगळ्या घरात. तिथे पेटंट देशभर एकच असते आणि पेटंटची अपिले 1982 पासून वॉशिंग्टनच्या एकाच फेडरल सर्किट न्यायालयात जातात. खटल्यात ज्युरी बसवता येते. 'डिस्कव्हरी' नावाची एक जबरदस्त सोय असते, म्हणजे समोरच्या कंपनीचे ई-मेल, वह्या, आराखडे कायद्याने मागवून घ्यायचे आणि माणसांना शपथेवर बसवून दिवसदिवस प्रश्न विचारायचे. हरलेल्याने जिंकणाऱ्याच्या वकिलाची फी भरायची हा तिथे अपवाद आहे, युरोपात तो सर्वसाधारण नियम आहे. असा वकील युरोपात भांडायला निघतो तेव्हा आपली हत्यारे घरीच राहिली, हे त्याला दारात पोचल्यावर कळते.

देशोदेशीच्या भांडणाचे सगळ्यात गाजलेले उदाहरण 'एपिलेडी' या केस उपटण्याच्या यंत्राचे. त्यात एक स्प्रिंग कमानीसारखी वाकवून वेगाने फिरवत. बाहेरच्या बाजूला तिची वेटोळी फाकत, आतल्या बाजूला मिटत. फाकलेल्या फटीत केस शिरायचा आणि फट मिटताना धरला जाऊन उपटला जायचा. मालकाने पेटंटच्या क्लेममध्ये, म्हणजे हक्काची हद्द सांगणाऱ्या वाक्यात, 'सर्पिल स्प्रिंग' असे शब्द लिहिले होते. रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणलेल्या यंत्रात स्प्रिंग नव्हतीच. रबराची दांडी होती, तिला चिरा पाडलेल्या. दांडी वाकवून फिरवली की चिरा उघडत आणि मिटत. काम तेच, वस्तू वेगळी.

लंडनमध्ये न्या. हॉफमन यांनी 1989 मध्ये निकाल दिला की हे उल्लंघन नाही. त्यांचे म्हणणे असे की, लिहिणाऱ्याने स्प्रिंग म्हटले आहे आणि जाणकार वाचक त्याचा अर्थ स्प्रिंग असाच घेईल. रबराची दांडी म्हणजे थोडीशी वेगळी स्प्रिंग नव्हे. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या अपील न्यायालयाने 1991 मध्ये नेमके उलट ठरवले. तिथे पाहिले गेले ते असे की, स्प्रिंगमुळे जे साधते तेच या दांडीने साधते आणि जाणकाराला ते पेटंट वाचून सुचू शकले असते. पेटंट एकच, रबराची दांडी एकच आणि दोन्ही न्यायालये वाचत होती तो करारही एकच. त्या करारात तर अर्थ लावताना शब्दाला चिकटू नका आणि शब्द अगदी सोडूनही देऊ नका, अशी मुद्दाम जोडलेली सूचना आहे! ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ॲक्टाव्हिस आणि इलाय लिली यांच्या वादात आपली कसोटी बदलली आणि लंडन बरेच ड्युसेलडॉर्फकडे सरकले. तोवर अठ्ठावीस वर्षे गेली होती.

जर्मनीत आणखी एक तिढा आहे आणि अमेरिकन वकिलाला पचायला तो सर्वांत जड जातो. पेटंटचे उल्लंघन झाले का, हे एक न्यायालय ठरवते. ते पेटंट मुळात वैध आहे का, हे दुसरेच ठरवते. उल्लंघनाचा खटला ड्युसेलडॉर्फ, मानहाइम किंवा म्युनिक इथल्या दिवाणी न्यायालयात चालतो, वैधतेचा म्युनिकच्या संघीय पेटंट न्यायालयात. पहिले वेगवान, दुसरे संथ. परिणामी, नंतर रद्द ठरणाऱ्या पेटंटवर आधी मनाई हुकूम निघून माल बाजारातून उठवला जाण्याची वेळ येते. 2022 पासून पेटंट न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत आपले प्राथमिक मत कळवावे अशी सुधारणा लागू झाली आहे. दरी अरुंद झाली, बुजली नाही.

आणि मनाई हुकूम म्हणजे तरी काय? अमेरिकेत 2006 च्या ई-बे निकालापासून पेटंटधारक जिंकला तरी मनाई हुकूम आपोआप मिळत नाही. पैशाने भरपाई होणार नाही हे त्याला पटवावे लागते. जर्मनीत मात्र उल्लंघन सिद्ध झाले की मनाई हुकूम जवळजवळ ठरलेलाच. 2021 मध्ये तिथल्या कायद्यात तारतम्याचे कलम आले, पण त्याचा वापर विरळाच. म्हणूनच अमेरिकेतल्या दोन अमेरिकन कंपन्या भांडायला थेट जर्मनी गाठतात.

मोटोरोला आणि मायक्रोसॉफ्ट यांचे भांडण हा त्याचा नमुना. चलचित्र साठवण्याच्या एका प्रमाणित पद्धतीत मोटोरोलाची काही पेटंटे होती आणि ती रास्त दराने सर्वांना देऊ असा शब्द कंपनीने दिलेला होता. तिने मागितला मालाच्या किमतीवर 2.25 टक्के, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने वर्षाला चार अब्ज डॉलरहून अधिक. सिॲटलमध्ये रास्त दर ठरवण्याचा खटला चालू असतानाच मोटोरोलाने मानहाइम गाठले. मे 2012 मध्ये तिथे मनाई हुकूम निघाला आणि तो एक्सबॉक्स व विंडोज 7 या दोन्हींवर होता. पण त्याआधीच सिॲटलच्या न्या. रोबार्ट यांनी मोटोरोलाला बजावले होते की, जर्मनीत काहीही मिळाले तरी माझा निकाल लागेपर्यंत ते बजावायचे नाही. म्हणजे हुकूम मानहाइमचा आणि त्याची किल्ली सिॲटलच्या खिशात. मायक्रोसॉफ्टने धोका नको म्हणून आपले युरोपातले वितरण केंद्र जर्मनीतून नेदरलँड्सला हलवले. पुढे न्यायाधीशांनी ठरवलेला दर वर्षाला सुमारे 18 लाख डॉलरचा निघाला. 2013 मध्ये ज्युरीने मोटोरोलाला जवळपास 1 कोटी 45 लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली आणि त्यातला मोठा हिस्सा त्या स्थलांतराच्या खर्चाचा होता. भांडण जर्मनीत, बिल सिॲटलमध्ये.

हुकूम असे समुद्र ओलांडतात, तसे कागदही ओलांडतात. परदेशी न्यायालयात वापरण्यासाठी अमेरिकेतल्या माणसाकडून किंवा कंपनीकडून कागद मागवण्याची सोय अमेरिकेच्याच एका कायद्यात आहे. 2004 मध्ये इंटेल-एएमडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ बराच सैल केला. त्यामुळे जर्मनीत डिस्कव्हरी नसली तरी जर्मन खटल्यासाठी ती अमेरिकेतून करवून घेण्याचा रस्ता उघडा आहे. उलट फ्रान्समध्ये खटल्याच्याही आधी न्यायाधीशाचा हुकूम घेऊन बेलिफला प्रतिस्पर्ध्याच्या कारखान्यात किंवा प्रदर्शनातल्या स्टॉलवर धाडता येते. तो येऊन यंत्राचे वर्णन टिपून घेतो, नमुना उचलतो. डिस्कव्हरीने महिनोन्महिने घालवावेत ते काम एका सकाळी होते.

आता भाचीच्या प्रश्नाकडे, म्हणजे माझ्या पट्टीकडे येतो.

ॲबट कंपनीकडे रक्तशर्करेच्या पट्टीची दोन पेटंटे होती, एक जुने, एक नवे. दुसऱ्याचा मूळ अर्ज 1984 चा. त्यात असे सांगायचे होते की, पट्टीवर रक्त थेट घेता येते, मध्ये संरक्षक पडदा लागत नाही. अमेरिकेचे पेटंट कार्यालय हा अर्ज वर्षानुवर्षे नाकारत राहिले, कारण कंपनीच्याच जुन्या पेटंटमध्ये एक वाक्य होते. त्याचा मथितार्थ असा की, पडदा ऐच्छिक आहे, पण जिवंत रक्त तपासताना शक्यतो असावा. ऐच्छिक म्हणजे नसला तरी चालतो. मग बिनपडद्याच्या पट्टीत नवे ते काय?

तेरा वर्षांनी, 1997 मध्ये, कंपनीच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दाखल झाले. त्यात म्हटले होते की 'ऐच्छिक, पण शक्यतो' ही नुसती पेटंटची बोली आहे. त्या काळचा जाणकार ते वाचून असेच समजला असता की जिवंत रक्तासाठी पडदा हवाच. परीक्षकाला पटले आणि पेटंट मिळाले.

पण त्याच जुन्या पेटंटचे एक युरोपीय भावंड होते आणि त्याच्यावर काही वर्षांपूर्वी म्युनिकच्या कार्यालयात वाद झाला होता. तिथे गरज उलटी होती. एका जर्मन कागदापासून आपला शोध वेगळा दाखवायचा होता आणि त्यासाठी पडदा अत्यावश्यक नाही हे ठसवायचे होते. म्हणून तिथे लिहून दिले होते की, त्या वाक्याचा अर्थ अगदी निःसंदिग्ध आहे, पडदा ऐच्छिकच आहे. हे म्युनिकचे कागद अमेरिकेच्या परीक्षकाला कुणी दाखवले नाहीत.

पुढे खटला उभा राहिला तेव्हा प्रतिपक्षाने ते कागद काढले. कॅलिफोर्नियाचे न्या. ॲल्सप यांनी 2008 मध्ये ठरवले की, हे लपवणे म्हणजे पेटंट कार्यालयाशी केलेली अप्रामाणिक वागणूक होय. अमेरिकेत या ठपक्याची शिक्षा भयंकर आहे. एखादा क्लेम जात नाही, अख्खे पेटंट कायमचे निकामी होते. 2011 मध्ये फेडरल सर्किटच्या पूर्णपीठाने या ठपक्याची कसोटी खूप कडक केली. लपवलेली गोष्ट कळली असती तर पेटंट मिळालेच नसते हे सिद्ध करा आणि फसवण्याचा हेतूही वेगळा सिद्ध करा, असे सांगून प्रकरण परत पाठवले. न्या. ॲल्सप यांनी 2012 मध्ये नव्या, कडक कसोटीवर घासूनही तोच ठपका कायम ठेवला.

या निकालाची चर्चा वकील मंडळी बहुतेक त्या कसोटीपुरती करतात. मला त्यातली भूगोलाची बाजू मोठी वाटते. युरोपात ज्याने ते लिहिले त्याने खोटे लिहिले नव्हते. त्याच्यापुढे जो प्रश्न होता त्याचे त्याला सोयीचे उत्तर त्याने दिले. अमेरिकेतल्याने त्याच्यापुढच्या प्रश्नाचे दिले. दोघांच्या मध्ये अटलांटिक होता आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणारा कुणी नेमलेला नव्हता. किंवा होता आणि त्याने तोंड उघडले नाही. न्यायालयाने दुसरी शक्यता धरली.

आता तर हा समुद्र आणखी अरुंद झाला आहे. 1 जून 2023 रोजी युरोपचे एकीकृत पेटंट न्यायालय सुरू झाले. करार 2013 चा. मध्ये ब्रिटनने आधी मान्यता दिली आणि ब्रेक्झिटनंतर 2020 मध्ये अंग काढून घेतले. जर्मनीत घटना न्यायालयाने मंजुरीचा कायदाच रद्द केल्याने तो पुन्हा करावा लागला. सुरुवातीला 17 देश होते, 2024 मध्ये रुमानिया आल्यावर 18 झाले. स्पेन आणि पोलंड बाहेर आहेत. स्थानिक पीठे देशोदेशी, त्यांतली चार एकट्या जर्मनीत; केंद्रीय पीठ पॅरिस, म्युनिक आणि मिलानमध्ये, अपील लक्झेंबर्गला. उल्लंघन आणि वैधता दोन्ही एकाच पीठापुढे चालू शकतात आणि पहिल्या निकालासाठी साधारण वर्षभराचे लक्ष्य ठेवलेले आहे.

एक खटला जिंकला तर अठरा देशांत मनाई. एक हरला तर अठरा देशांत पेटंट गेले. म्हणून जुन्या पद्धतीच्या पेटंटधारकाला निदान सात वर्षांच्या संक्रमणकाळात 'मी या न्यायालयातून बाहेर' असे नोंदवायची मुभा आहे. यातही एक खाच आहे. नोंद खऱ्या मालकाने करायची, रजिस्टरवर नाव असलेल्याने नव्हे. आणि मालक अनेक असतील तर सर्वांनी मिळून. अमेरिकन कंपन्यांत पेटंटे उपकंपन्यांमध्ये अशी फिरत असतात की खरा मालक कोण हे शोधायला वकिलालाच घाम फुटतो.

या न्यायालयाचा वेग काय करू शकतो ते पाहा. टेनएक्स जिनॉमिक्स कॅलिफोर्नियाची, नॅनोस्ट्रिंग सिॲटलची. पेशींतला आरएनए जागच्या जागी मोजणाऱ्या यंत्रांवरून दोघींचे भांडण. हार्वर्डकडून परवान्याने मिळालेल्या पेटंटवर टेनएक्सने नव्या न्यायालयाच्या म्युनिक पीठाकडे तातडीचा अर्ज केला. 19 सप्टेंबर 2023 ला तात्पुरता मनाई हुकूम निघाला, 17 देशांसाठी. न्यायालय सुरू होऊन चार महिनेसुद्धा झाले नव्हते. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत, डेलावेअरच्या ज्युरीने वेगळ्या पेटंटांवर नॅनोस्ट्रिंगला 3 कोटी 10 लाख डॉलर भरायला सांगितले. फेब्रुवारी 2024 च्या पहिल्या आठवड्यात नॅनोस्ट्रिंगने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच महिन्याच्या 26 तारखेला लक्झेंबर्गने म्युनिकचा हुकूम रद्द केला. पेटंट टिकण्यापेक्षा न टिकण्याचीच शक्यता जास्त दिसते, असे कारण दिले. दिवाळखोरीला तो हुकूमच कारण झाला असे मी म्हणणार नाही, आघात अनेक होते. पण तारखा अशा लागल्या आहेत. डेलावेअरमध्ये लढणाऱ्या वकिलाला म्युनिकचे कॅलेंडर भिंतीवर लावून बसावे लागले असणार.

हे लांबचे नाही. डहाणूच्या पुढे हद्द ओलांडली की वापी लागते. तिथली मेरिल ही कंपनी छाती न उघडता बसवायची हृदयाची झडप बनवते आणि कॅलिफोर्नियाच्या एडवर्ड्सशी तिची झुंज याच न्यायालयात लागली. नोव्हेंबर 2024 मध्ये म्युनिक पीठाने मेरिलविरुद्ध मनाई हुकूम दिला, पण सर्वांत मोठ्या मापाच्या झडपा त्यातून वगळल्या, कारण त्या रुग्णांना दुसरा पर्याय नव्हता.

शिवाय फेब्रुवारी 2025 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने व्हॅक्यूम क्लीनरच्या एका वादात, बीएसएच विरुद्ध इलेक्ट्रोलक्समध्ये, सांगितले की, प्रतिवादी संघातल्या देशाचा रहिवासी असेल तर त्याच्या देशातले न्यायालय बाहेरच्या देशांतल्या पेटंटच्या उल्लंघनाचाही खटला ऐकू शकते. त्या वादात बाहेरचा देश तुर्कस्तान होता. तर्क पुढे नेला तर तो अमेरिकाही असू शकतो. अमेरिकन पेटंटवर स्टॉकहोममध्ये खटला, बिनज्युरीचा! अमेरिकेतल्या वकिलांत खळबळ आहे ती उगाच नाही.

लक्झेंबर्गच्या अपील न्यायालयाने 2024 मध्ये आणखी एक ठरवले. खटला संपल्यावर पक्षकारांनी दाखल केलेली निवेदने सामान्य माणूसही सहसा पाहायला मागू शकतो. मी हरखून अर्ज करायला निघालो. मग बारकावा वाचला की अर्जासाठी वकील लावावा लागतो. चिपळूणहून लक्झेंबर्गचा वकील! तेव्हा मी निकालांवरच भागवतो. पण प्रतिस्पर्ध्याला वकिलाचा खर्च जड नाही. म्युनिकला काय लिहून दिले हे त्याला आता आणखी सहज कळणार.

भाचीला मी एवढेच म्हटले, "साहेबांना उलटून बोलू नकोस. दोन्ही परिच्छेद शेजारी शेजारी ठेव, खाली तारखा घाल, आणि तुझं काम ज्याच्याकडे जातं त्या वकिलाला वाचायला मिळेल अशा जागी ठेव." तिने तक्त्याच्या शेवटी दोन ओळींची टीप जोडली. साहेब दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे अमेरिकेहून निरोप आला होता. युरोपातल्या भावंडाची संपूर्ण फाइल पहिल्या पानापासून मागवली होती आणि ती कुणी वाचायची यापुढे भाचीचे नाव होते.